बारा पदकं आणि एक स्कर्ट

डब्लिनला राहणारी माझी भाची दर रविवारी न चुकता फोन करते. २०२५च्या मे महिन्यात एकदा तिचा फोन आला तो हसतच. "मावशी, अगं इथे अख्खा देश चड्डीवरून भांडतोय!"

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. पण नाही. तिची लेक तिथल्या क्लबात कमोगी नावाचा खेळ खेळते. या खेळात मुलींनी स्कर्ट किंवा 'स्कॉर्ट' घालायचा, असा नियम होता. स्कॉर्ट म्हणजे आतून हाफपँट आणि वरून स्कर्टचा पडदा. मुलांनी साधी हाफपँट घालायची, मुलींनी मात्र हे दुहेरी प्रकरण. ३ मे रोजी किलकेनी आणि डब्लिन या दोन संघांतल्या मुलींनी ठरवलं की आज आपण साध्या हाफपँटवरच खेळायचं. दोन्ही संघ तसे मैदानात उतरलेसुद्धा. पंचांनी सांगितलं, कपडे बदला, नाहीतर सामना होणार नाही. शेवटी बिचाऱ्या आत गेल्या, स्कॉर्ट चढवून आल्या आणि खेळल्या.

"आणि गंमत माहितीये का," भाची म्हणाली, "इथल्या म्हाताऱ्या माणसांना यावरून लगेच अँजेला डाउनी आठवली. स्कर्ट सुटला तरी गोल करणारी!"

ही अँजेला कोण, ते मला काही माहीत नव्हतं. मैत्रिणींनो, तुम्हालाही माहीत नसेल. पण त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते बसलंच. मी शोधून शोधून वाचलं, आणि जसजसं वाचत गेले तसतशी ती स्कर्टची गोष्ट मागे पडत गेली. म्हणून आज तुम्हाला अँजेलाबद्दल सांगायचंय.

आधी थोडं खेळाबद्दल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आयर्लंडचा फार जुना खेळ म्हणजे हर्लिंग. हातात अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची काठी, खालचं टोक पसरट, पळीसारखं. लहानसा चामडी चेंडू. लांबून पाहिलं तर हॉकी वाटेल, पण हॉकीत चेंडू जमिनीलगत राहतो आणि इथे तो डोक्यावरून उडतो. हवेतल्या हवेत काठीने टोलवायचा, हाताने झेलायचा, काठीच्या पसरट टोकावर तोलत तोलत पळायचं! घरी चमच्यात लिंबू धरून पळून बघा. आणि इथे तर समोरून दोघी-तिघी काठ्या घेऊन अंगावर येत असतात. गोलच्या आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, दांडीवरून गेला तर एक. हाच खेळ बायका खेळतात तेव्हा त्याला कमोगी म्हणतात. युनेस्कोने २०१८ साली हर्लिंगला जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात कमोगीही आहे.

यातली आणखी एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. या खेळात पगार नाही. पुरुषांनाही नाही, बायकांनाही नाही. ऐंशी हजार माणसं बसतील अशा क्रोक पार्क मैदानात रविवारी अंतिम सामना खेळायचा आणि सुट्टी संपली की आपापल्या कामावर हजर व्हायचं. कुणी शेतकरी, कुणी बँकेत, कुणी शाळेत. आणि खेळायचं ते आपल्या काउंटीसाठी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा धरा, फक्त आकाराने खूपच लहान. किलकेनी काउंटीची लोकसंख्या सगळी मिळून लाखभर. म्हणजे आपला एखादा लहानसा तालुका! पण हर्लिंगचं वेड विचाराल तर आयर्लंडमध्ये पहिलं नाव तिचंच निघतं.

या किलकेनीच्या उत्तरेला नोर नदीकाठी बॅलीरॅगेट नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम हजारभर. तिथे शेम डाउनी राहायचे. १९४७ साली किलकेनीने कॉर्क काउंटीला अवघ्या एका गुणाने हरवून अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवलं होतं. तो अंतिम सामना आजवरच्या सर्वांत चांगल्या सामन्यांत गणला जातो, आणि शेम त्या संघात होते. अशा माणसाच्या घरी १९५७ साली जुळ्या मुली झाल्या, अँजेला आणि अ‍ॅन. योगायोग बघा, १९४७ नंतर किलकेनीच्या पुरुषांना पुन्हा विजेतेपद मिळालं तेही १९५७ सालीच.

वडिलांनी नाव काढलेलं, आणि घरात मुली. आपल्याकडे अशा वेळी शेजारपाजारचे काय बोलतात ते मी सांगायला नको. बॅलीरॅगेटमध्ये कोण काय बोललं ते ठाऊक नाही, पण पुढे काय घडलं ते साऱ्या देशाने पाहिलं. दोघी मुलींच्या हातात काठी आली आणि राहिली.

१९७२ साली किलकेनीचा बायकांचा संघ अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यात पोचला. तोवर किलकेनीच्या बायकांनी हे विजेतेपद एकदाही मिळवलं नव्हतं. त्या संघात अँजेला होती. वय पंधरा! पंधराव्या वर्षी आपण काय करत होतो ते आठवा. मी दहावीच्या वर्गात गणिताच्या पेपरला घाबरत बसले होते. ही क्रोक पार्कवर, कॉर्कच्या थोराड, अनुभवी बायकांसमोर उभी. त्या दिवशी किलकेनी हरली.

मग दोन वर्षांनी, १९७४ साली, पुन्हा अंतिम सामना, समोर पुन्हा कॉर्क. सामना बरोबरीत सुटला. म्हणून पुन्हा खेळवला आणि या खेपेला किलकेनी जिंकली. बायकांच्या खेळातलं काउंटीचं हे पहिलं विजेतेपद. त्यानंतर १९७६. मग १९७७, तेव्हा अँजेला कर्णधार होती, अवघी विशीची. मग १९८१. आणि १९८५ पासून तर जे सुरू झालं ते थांबायचं नावच घेईना. ८५, ८६, ८७, ८८, ८९, ९०, ९१. लागोपाठ सात वर्षं. एकदाही हार नाही. त्यात १९८८ आणि १९९१ साली पुन्हा तीच कर्णधार. त्या काळी आयर्लंडमध्ये दरवर्षी खेळाडूंना दिला जायचा तो मानाचा टेक्साको पुरस्कार १९८६ साली तिला मिळाला. शेवटचं विजेतेपद १९९४ साली. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. १९९५ साली तिने काउंटीचा खेळ थांबवला.

आता जरा मोजा. एकूण बारा. किलकेनीच्या बायकांनी आपल्या इतिहासातली पहिली बारा विजेतेपदं मिळवली, त्या बाराच्या बारा संघांत अँजेला होती. आणि तिच्याबरोबर बाराही वेळा अ‍ॅन! अँजेला पुढे, गोल करायला. अ‍ॅन मधल्या फळीत, चेंडू मिळवायला आणि पुढे धाडायला. त्या काळी कमोगीत संघ बारा जणींचा असायचा (पंधरा जणींचा झाला तो १९९९ पासून). बारा जणींत दोघी सख्ख्या जुळ्या बहिणी, हे समोरच्या संघाला केवढं जड जात असेल! बहिणी-बहिणींना एकमेकींचं न बोलता कळतं, हे आपल्याला काय सांगायला हवं? स्वयंपाकघरात एकीने हात पुढे केला की दुसरी नेमकं तेच भांडं देते, तसं.

पुरुषांच्या हर्लिंगमध्ये सर्वांत जास्त पदकांचा विक्रम हेन्री शेफलिनचा. तोही किलकेनीचाच. त्याची पदकं दहा, २००० ते २०१४ या काळातली. आयर्लंडमध्ये शेफलिन म्हणजे देव. त्याने जेव्हा पहिलं पदकसुद्धा मिळवलं नव्हतं तेव्हाच या दोघी बहिणी प्रत्येकी बारा पदकं घेऊन बसल्या होत्या. (कमोगीत त्यांच्याही वर एक बाई आहे, डब्लिनची कॅथलीन मिल्स, पंधरा पदकांवाली. पण तो काळ त्याही आधीचा, १९४० आणि ५० च्या दशकांतला.)

हे सगळं करताना अँजेलाचा पेशा शिक्षिकेचा. आठवडाभर शाळा, संध्याकाळी सराव, रविवारी सामना. काउंटीचा सामना नसेल तेव्हा क्लबचा. लग्न झालं, नाव अँजेला डाउनी-ब्राउन झालं, खेळ सुरूच राहिला. एक वर्ष, दोन वर्षं हौस म्हणून आपणही काहीबाही करतो. पंधराव्या वर्षापासून अडतिसाव्या वर्षापर्यंत, एक पैसा न घेता, हिवाळ्याच्या त्या बोचऱ्या आयरिश पावसात चिखलात पळायचं म्हणजे नुसती हौस म्हणून भागत नाही. त्याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि बघायला कोण यायचं? पुरुषांच्या अंतिम सामन्याला क्रोक पार्क खच्चून भरायचं. बायकांच्या सामन्याला तेव्हा काही हजार प्रेक्षक. एवढ्या मोठ्या मैदानात ती माणसं कुठल्या कुठे हरवून जात असतील. अलीकडे हे बदललंय, कमोगीच्या अंतिम सामन्याला आता वीस हजारांवर लोक येतात. पण अँजेलाच्या सात वर्षांच्या त्या विजयमालिकेला टाळ्या वाजवायला ते वीस हजार नव्हते.

आता येते स्कर्टची गोष्ट. साल १९८९, अंतिम सामना, समोर नेहमीचीच कॉर्क. अँजेला चेंडू घेऊन गोलच्या दिशेने सुटली. तिला अडवायच्या झटापटीत तिचा स्कर्ट ओढला गेला आणि निघालाच. आता विचार करा, भर मैदानात, हजारो लोकांसमोर. आपल्यापैकी कुणीही असती तर काय केलं असतं? पहिला हात कुठे गेला असता? साडीची पिन निघाली तरी आपण रस्त्यात जागच्या जागी थिजतो. अँजेलाचा हात चेंडूवरच राहिला. ती थांबली नाही, वळली नाही, तशीच पुढे गेली आणि गोल केला. मग स्कर्ट परत चढवून खेळायला लागली. किलकेनी तो सामना जिंकली. त्या वर्षी कर्णधार होती अ‍ॅन.

ही गोष्ट आयर्लंडमध्ये अजून सांगतात, हसत हसत सांगतात. गोष्ट आहेच मजेची. पण मला राहून राहून वाटतं, ज्या बाईने बारा वेळा देश जिंकला, तिची एवढी एकच गोष्ट लोकांच्या ओठांवर का असावी? आणि दुसरं म्हणजे, स्कर्ट सुटला यात हसण्यासारखं खरं तर काय होतं? तो घालायची सक्ती होती म्हणून तो सुटला. हाफपँट असती तर ओढायला काही नव्हतंच!

या स्कर्टचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. बायकांनी हा खेळ सुरू केला १९०४ साली. पहिला जाहीर सामना त्या वर्षी जुलैत नॅव्हन गावी झाला. डब्लिनमध्ये आयरिश भाषेसाठी काम करणाऱ्या शिकलेल्या तरुणी, त्यांनी तो सुरू केला. तेव्हा पायघोळ स्कर्ट घालून पळायच्या. चेंडू मुद्दाम स्कर्टमध्ये अडवला तर तो फाउल धरायचे, असं सांगतात. म्हणजे बघा, कपडा एवढा मोठा की त्याच्यासाठी वेगळा नियम करावा लागला! नंतर स्कर्ट आखूड होत गेला, पुढे त्याचा स्कॉर्ट झाला. पण 'स्कर्ट' हा शब्द काही नियमातून हलला नाही.

आणि हे कुणी पुरुषांनी लादलं म्हणावं तर तेही खरं नाही. कमोगीची संघटना वेगळी, पुरुषांच्या हर्लिंगची वेगळी. कमोगीच्या संघटनेत वर्षानुवर्षं बायकाच पुढे होत्या, अध्यक्षही बहुतेक बायकाच. २०२४ साली तिथे हाफपँटला परवानगी द्यायचा ठराव आला तेव्हा बहुमताने फेटाळला गेला. कधी कधी आपणच आपल्या लेकीसुनांना सांगतो ना, "आम्ही नाही का निभावलं, तुम्हालाच काय जड जातंय?" मला वाचताना तेच आठवलं, आणि थोडी शरमही वाटली, कारण हे वाक्य मीही कधीतरी म्हटलंय.

मात्र या मुली गप्प बसल्या नाहीत. खेळाडूंच्या संघटनेने पाहणी केली, त्यात ८३ टक्के मुली म्हणाल्या की निवड आमच्या हाती हवी. ७० टक्के म्हणाल्या की स्कॉर्ट घालून खेळताना अडचण होते. मग ३ मेचा तो प्रसंग. पुढच्याच आठवड्यात कॉर्क आणि वॉटरफर्ड यांचा मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना होता. त्या मुलीही हाफपँटवर उतरणार म्हटल्यावर तो सामनाच पुढे ढकलावा लागला. वर्तमानपत्रं, रेडिओ, राजकारणी, सगळे त्यावर बोलायला लागले. भाचीचा फोन आला तो याच दिवसांत. शेवटी २२ मे रोजी क्रोक पार्कवर खास बैठक भरली आणि ९८ टक्के मतांनी ठरलं की ज्या मुलीला जे हवं ते तिने घालावं. स्कर्ट, स्कॉर्ट किंवा हाफपँट. वर्षापूर्वी ठराव पाडणारी तीच संघटना!

सुरुवात करणाऱ्या त्या दोन संघांत एक किलकेनी होता, हे विसरू नका. ज्या संघासाठी अँजेलाचा स्कर्ट सुटला त्याच संघाच्या मुली. मधे छत्तीस वर्षं गेली.

अ‍ॅनबद्दल थोडं सांगायचं राहिलंच. जुळ्या बहिणींत एकीचं नाव जास्त होतं, दुसरीचं थोडं कमी, असं होतंच. २००४ साली कमोगीला शंभर वर्षं झाली तेव्हा शतकातला सर्वोत्तम संघ निवडला, त्यात अँजेलाचं नाव होतं. पदकं दोघींची सारखीच, बारा-बारा. पण अ‍ॅनने मैदान सोडलं नाही, फक्त मैदानाबाहेरच्या बाजूला उभी राहिली. १९९४ साली किलकेनीने बारावं विजेतेपद जिंकलं, कर्णधार अ‍ॅनच होती, आणि त्यानंतर जणू कुणाची दृष्ट लागली. वर्षांमागून वर्षं गेली. २००९, २०१३, २०१४, अंतिम सामन्यापर्यंत पोचूनही हरल्या. तेराव्याची वाट बघता बघता त्या वेळी जन्मलेल्या मुली संघात खेळायला लागल्या! २०१६ साली संघाची धुरा अ‍ॅनकडे होती. सप्टेंबरात अंतिम सामना झाला. समोर कोण? दुसरं कोण असणार, कॉर्क. आदल्या दोन्ही वर्षी जिंकलेली. किलकेनीने त्यांना चार गुणांनी हरवलं. बावीस वर्षांनी.

पुढची तीन वर्षं, २०१७, २०१८, २०१९, तिन्ही अंतिम सामने किलकेनी हरली, आणि अ‍ॅन बाजूला झाली. हेही सांगायला हवं. नाहीतर वाटायचं की डाउनी बहिणींना हरणं माहीतच नव्हतं. अँजेलाची सुरुवातच मुळी हरण्याने झाली होती, पंधराव्या वर्षी. २०२० आणि २०२२ साली किलकेनी पुन्हा जिंकली, तेव्हा संघ दुसऱ्या कुणाच्या हाती होता.

हे सगळं वाचून झाल्यावर मीच भाचीला फोन केला. तिला म्हटलं, "अगं, तुझ्या लेकीला सांग, त्या अँजेलाची नुसती स्कर्टची गोष्ट ऐकू नकोस. बारा पदकं आहेत तिची."

"तिला माहितीये मावशी," भाची म्हणाली. "त्यांच्या प्रशिक्षक बाईंनी सांगितलंय."

मग मी विचारलं, आता नियम बदलला तर लेक काय घालून खेळते?

"स्कॉर्टच," भाची म्हणाली. "तिला तोच आवडतो म्हणे. पण तिची मैत्रीण हाफपँट घालते. आणि रविवारी दोघी मिळून असा काही चिखल घरी आणतात ना, की धुताना कशाचा रंग कोणता ते कळतसुद्धा नाही."